रंगावधूत महाराजांचे बालपण दहा मिनिटांत सांगायचे तर

दत्तजयंती किंवा महाराजांची जयंती, कार्तिक शुद्ध नवमी, जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांत कुणावर तरी नारेश्वरचे दत्तभक्त संत रंगावधूत महाराज यांच्याविषयी दहा मिनिटे बोलण्याची जबाबदारी येते. मागे एकदा ती माझ्यावर आली तेव्हा मी मूळ गाव आणि घराण्याची माहिती सांगण्यात सात मिनिटे घालवली आणि पुढे बसलेली मुले सतरंजीचे दोरे उपसू लागली. त्या फजितीनंतर बसवलेली मांडणी येथे देत आहे.

घराण्याला दोन वाक्ये पुरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावचे वळामे कुटुंब गोध्र्याला आले, वडील विठ्ठलपंत तेथल्या विठ्ठलमंदिरात पूजाअर्चा करीत, आणि 1898 साली तेथेच पांडुरंगाचा, म्हणजे पुढच्या रंगावधूत महाराजांचा, जन्म झाला. एवढे सांगून थेट तिरडीच्या प्रसंगाकडे वळावे.

हा प्रसंग मात्र घाईने उरकू नये. दारावरून प्रेतयात्रा चाललेली पाहून बाळ पांडुरंगाने वडिलांना विचारले की या माणसाला असे बांधून कोठे नेत आहेत. जाळणार हे कळल्यावर त्याला भाजणार नाही का, असे विचारले. आणि मग आपणही मरणार का, पुन्हा जन्मावे लागते का, यातून सुटका कशी, असे एकातून एक प्रश्न निघत गेले, तेव्हा वडिलांनी रामनाम हा उपाय सांगितला. परंपरेने त्या वेळचे वय दीड वर्षाचे सांगितले जाते. श्रोत्यांत कुणी भुवया उंचावल्या तर वयावर वाद घालू नये. प्रश्न कोणत्या क्रमाने आले याकडे लक्ष वेधावे, कारण पुढचे सगळे शोधन त्याच धाग्याने चालते. पुढे काही वर्षांतच वडील गेले आणि आई रुक्मिणीबाईंवर दोन मुलांचा भार पडला, हे येथेच सांगावे. मग प्रश्न पोरवयातला राहत नाही, तो घरातला होतो.

यानंतर मुंज आणि नृसिंहवाडीचे दर्शन. मुंजीनंतर वाडीला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांची भेट झाली आणि स्वामींनी मुलाला आपला म्हणून ओळखले, असे भक्त सांगतात. येथे एक हिशेब सांगितला की मोठी माणसेही सावरून बसतात: टेंबे स्वामींनी 1914 मध्ये गरुडेश्वरी देह ठेवला तेव्हा पांडुरंग अवघा पंधरा वर्षांचा होता. म्हणजे गुरूंचा प्रत्यक्ष सहवास फार थोडा, आणि पुढची वाट गुरुचरित्राची पोथी आणि दत्तपुराण यांच्या आधाराने चाललेली. माझ्या मते या कथेचे मर्म येथे आहे, म्हणून चमत्कारांसाठी राखलेली मिनिटे मी इकडे वळवतो.

शिक्षणाचा भाग बडोदेकरांना आपोआप जवळचा वाटतो. सयाजीगंजातून जाताना ज्या बडोदा कॉलेजचा घुमट आपल्याला दिसतो, तेथे महाराज शिकले, असहकाराच्या काळात ते कॉलेज सोडून अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले आणि काही काळ शिक्षकीही केली. संन्यस्त वृत्तीचा माणूस जगाला कंटाळून पळाला, असा समज यामुळे आपसूक दूर होतो.

शेवट 1925 सालच्या नारेश्वराने करावा. करजण तालुक्यात नर्मदेच्या काठी असलेली ती जागा तेव्हा झाडीची आणि स्मशानाची होती. ज्याचा पहिला प्रश्न तिरडीवरून निघाला तो सत्तावीस वर्षांचा तरुण तपासाठी अशाच जागी येऊन बसला, एवढेच म्हणावे. तेथला कडुलिंब कडूपणा टाकून गोड झाला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. ती ‘असे सांगतात’ म्हणून सांगावी.

आणखी एक अडचण व्यवहारातली. आपल्या मुलांचे वाचन बहुधा गुजरातीत झालेले असते, त्यामुळे ‘तिरडी’ असा शब्द आला की चेहरे कोरे होतात. अशा वेळी ‘ननामी’ हा गुजराती शब्द म्हणून पुढे जावे, शब्दार्थ सांगत बसू नये. उलट दत्तबावनी ही बावन्न ओळींची दत्तस्तुती महाराजांनी गुजरातीतच रचलेली असल्याने ती मुलांनाच पुढे बसवून म्हणायला लावावी, आणि प्रसादाच्या वाट्या भरायला तेव्हाच उठावे.