कॉर्डलेस माईक घेण्याआधी मेगाहर्ट्झचा आकडा वाचा : सीमाभागातल्या मंडळांसाठी

दुपारी मंडपात माईक तपासला तेव्हा आवाज स्वच्छ होता. रात्री कीर्तन रंगात आलं, मंडप भरला आणि शब्द मधेच गळायला लागले, खरखर सुरू झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या भजनी मंडळांना आणि नाटकवाल्यांना हा प्रकार नवा नाही. मग सेल बदलले जातात, वायरी हलवल्या जातात आणि शेवटी सगळा दोष साऊंडवाल्याच्या माथी येतो. खरं कारण पुष्कळदा माईकच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या आकड्यात असतं. तो आकडा कसा वाचायचा, कोणता माईक घ्यायचा आणि कार्यक्रमाच्या जागी तो कसा लावायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी लहरींची जागा समजून घ्या

कॉर्डलेस माईक म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच. हातातला माईक लहर सोडतो, रिसीव्हर ती पकडतो. ती लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ती तिची वारंवारता, आणि मेगाहर्ट्झ हे तिचं माप. यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) माईक वर्षानुवर्षं टीव्हीच्या ४७० ते ८०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागांवर चालत आले. तिथे त्यांचं काही चाललं, कारण त्या जागा रिकाम्या होत्या. पुढे या पट्ट्याचा वरचा भाग मोबाइलकडे गेला. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा लिलाव पहिल्यांदा २०१६ मध्ये झाला तेव्हा कुणी बोली लावली नाही. २०२२ च्या लिलावात मात्र जिओने तो देशातल्या सर्व २२ सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागांमध्ये, घेतला. बीएसएनएललाही याच पट्ट्यात जागा मिळाली आहे.

आता नीट लक्ष द्या. या पट्ट्यात ७०३ ते ७४८ मध्ये आपले फोन बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर बोलतो. टॉवर दिवसरात्र चालू असतो, त्यामुळे त्याचा अडथळा दुपारच्या तपासणीतच कळतो. फोनचं तसं नाही. मंडप रिकामा असताना ७०३ ते ७४८ हा भाग शांत दिसतो आणि रात्री शेकडो फोन आले की गजबजतो. त्यातला एखादा फोन पेटीवाल्याच्या खिशात, रिसीव्हरपासून हातभर अंतरावर असतो. दुपारी चाललेला माईक रात्री का गळतो, याचं एक मोठं कारण हे आहे.

याच्याही वर, ८२४ ते ८४४ मध्ये फोन आणि ८६९ ते ८८९ मध्ये टॉवर, अशी जुनी मोबाइल वहिवाट आहेच.

पायरी पहिली : आकडा शोधा

हँडमाईकचं सेलचं झाकण उघडा, बेल्टपॅकची (कॉलरमाईकच्या कमरेला लावायच्या डबीची) मागची बाजू बघा, रिसीव्हर उलटा करा. ‘५१८–५४२’ किंवा ‘७४०–७९०’ असं काहीतरी छापलेलं असेल. नसेल तर रिसीव्हरच्या पडद्यावर दिसणारा आकडा लिहून घ्या. कुठेच आकडा सापडत नसेल, तर तो संच विकत घेऊ नका.

७०३ ते ८०६ च्या आतला संच असेल तर त्याच्यावर आता एक रुपयाही खर्च करू नका, दुरुस्तीलाही नाही.

६१२ ते ७०३ मधल्या संचाची गोष्ट वेगळी आहे. भारतात ६०० चा पट्टाही २०२२ च्या लिलावात मांडला गेला होता, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. म्हणून तुमचा जुना संच आज आपल्याकडे बिनतक्रार चालत असेल. तो वापरा, मात्र त्या पट्ट्यात नवीन खरेदी करू नका. सरकारने तो मोबाइलसाठी एकदा बाजारात आणलेला आहे.

ऑनलाइन जुने अमेरिकन संच स्वस्तात दिसतात, त्यांच्यापासून विशेष सावध राहा. अमेरिकेत ७०० च्या पट्ट्यातले माईक जून २०१० पासून बंद झाले आणि ६०० मधल्या बहुतेक भागातले जुलै २०२० पासून. तिकडे वापरता येत नाहीत म्हणून ते विकायला निघतात. नामांकित कंपनीचं नाव आणि निम्मी किंमत बघून भुलू नका, आधी आकडा विचारा.

पायरी दुसरी : परवानगीचा घोळ मिटवा

पोलीस ठाण्यातून मिळते ती ध्वनिक्षेपकाची परवानगी. रात्री दहाची मर्यादा, आवाजाची पातळी हे तिचे विषय. लहरींचा तिच्याशी काही संबंध नाही. लहरी केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) या शाखेकडे येतात. बेळगाव कुठल्या राज्यात आहे, याने त्या नियमात फरक पडत नाही.

८६५ च्या आसपासचा छोटा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरवून दिलेल्या शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतात. अशा यंत्राला डब्ल्यूपीसीची ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) ही मान्यता लागते. दुकानदाराकडे तिचा क्रमांक मागा आणि बिलावर मॉडेलसोबत लिहून घ्या. बाकीचा यूएचएफ पट्टा असा सरसकट मोकळा नाही. तिथला संच घेताना कोणत्या कागदाच्या आधारावर विकताय, हे स्पष्ट विचारा, आणि मोठी खरेदी असेल तर डब्ल्यूपीसीकडेच विचारणा करा.

परवानामुक्त पट्ट्याचीही एक अट आहे. तुमच्यामुळे दुसऱ्याला अडथळा होता कामा नये आणि तुम्हाला अडथळा झाला तर संरक्षण मागता येत नाही. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल, शहरात लष्कराचं केंद्र असलेल्या आपल्या भागात ‘एक किलोमीटर रेंज’ म्हणून विकले जाणारे, आकडा नसलेले संच वापरणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पायरी तिसरी : कामाप्रमाणे निवडा

देवळातलं कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, कडोली किंवा येळ्ळूरसारख्या गावातल्या साहित्य संमेलनाचं सूत्रसंचालन अशा ठिकाणी एक-दोन माईक पुरतात. रिसीव्हर दहा-पंधरा पावलांवर ठेवता येत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल संच चांगला. वायफायही तिथेच असतं, म्हणून रिसीव्हर राऊटरजवळ ठेवू नका. गर्दीच्या अंगातून ही लहर फारशी पार जात नाही. रिसीव्हर मंडपाच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी ठेवला तर ती हमखास तुटते. तो स्टेजच्या कडेला ठेवा आणि तिथून मिक्सरपर्यंत वायर ओढा.

सहा-आठ कॉलरमाईक लागणारं संगीत नाटक असेल तर ६०० च्या खालचा, वारंवारता बदलता येणारा यूएचएफ संच भाड्याने घ्या. विकत घेण्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे. भाड्याने देणाऱ्याला सगळ्या संचांचे आकडे आदल्या दिवशी मागा.

एकाच वारंवारतेवर कायमचा बांधलेला स्वस्त व्हीएचएफ (यूएचएफपेक्षा खालच्या वारंवारतेचा) संच मिरवणुकीत डोकेदुखी होतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत शेजारच्या दोन मंडळांकडे एकाच मॉडेलचे संच निघाले की एकाची घोषणा दुसऱ्याच्या भोंग्यातून बाहेर पडते. मंडळांच्या बैठकीत मार्ग आणि क्रम ठरतो, तिथेच माईकचे आकडेही एका कागदावर घ्या. गाडीवर उभं राहून बोलणाऱ्याला तर वायरचाच माईक द्या.

पायरी चौथी : जागेवर लावणी

आधी सगळे माईक बंद करा. एलईडी पडदा, दिवे, स्टेजवरचं बाकी सगळं चालू ठेवा, कारण त्यांचाही गोंधळ लहरींत मिसळतो. मग पहिल्या रिसीव्हरवर स्कॅन करा, म्हणजे मोकळी वारंवारता त्यालाच शोधू द्या, मिळालेली मोकळी वारंवारता त्याच्या माईकला द्या आणि तो माईक चालूच ठेवून दुसऱ्या रिसीव्हरवर स्कॅन करा. असं एकेक करत जा. सगळे माईक बंद ठेवून सगळे रिसीव्हर एकदम स्कॅन केले तर दोघांना एकच जागा मिळू शकते.

आकडे हाताने देत असाल तर समान अंतर टाळा. ५२०, ५२१, ५२२ असे तीन माईक लावले तर पहिल्या दोघांच्या मिश्रणातून नवी लहर तयार होते : ५२१ ची दुप्पट १०४२, त्यातून ५२० वजा केले की ५२२. म्हणजे तिसऱ्या माईकच्या जागेवरच अडथळा बसला. रिसीव्हरमध्ये ‘ग्रुप’ आणि ‘चॅनेल’ दिलेले असतील तर एकाच मॉडेलचे सगळे संच एकाच ग्रुपमध्ये ठेवून चॅनेल वेगवेगळे द्या. ते गणित कंपनीने आधीच सोडवलेलं असतं.

अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर, इंग्रजी व्ही सारख्या फाकवून ठेवा, पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. ५५० मेगाहर्ट्झची पाव लांबीची अँटेना साधारण साडेतेरा सेंटिमीटर असते. तुटलेल्या अँटेनाच्या जागी तारेचा तुकडा खोचला असेल तर निदान लांबी मोजा. बुवांना आणि निवेदकांना एक गोष्ट आवर्जून सांगा : हँडमाईकच्या शेपटीला मूठ घालू नका, बहुतेक माईकची अँटेना तिथेच असते.

शेवटी एकाने माईक घेऊन बोलत बोलत सगळ्या जागेत फिरावं. मंडप भरल्यावर, नांदीच्या आधी, पुन्हा एकदा फिरावं. स्टेजवरच्या कलाकारांचे फोन विमान मोडवर टाकायला सांगा. एक राखीव वारंवारता मिक्सरवर चिकटवून ठेवा आणि एक वायरचा माईक स्टँडवर तयार ठेवा.

गाव बदललं की पुन्हा स्कॅन

स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनिहाय होतो. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये आहे, तर शिनोळी, चंदगड आणि गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमेवरच्या गावात दोन्हीकडचे टॉवर ऐकू येतात. नाटकाचा किंवा भजनाचा दौरा गडहिंग्लजहून खानापूरला आला असेल तर कालचे आकडे धरून बसू नका. पाच मिनिटांचा स्कॅन इथेही करा.

७०० च्या पट्ट्यातला जुना संच बाद झाला की तो दुसऱ्या गावच्या मंडळाला स्वस्तात देऊ नका. वर्गणीतून जमलेले त्यांचे पैसे त्यात बुडतील. सेल काढा, वायरी आणि स्टँड वापरायला ठेवा आणि बाकीचा भाग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.