उन्हात वाचता येणारा डिस्प्ले निवडताना या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ठिबकचा टायमर किंवा मातीच्या ओलाव्याचा मीटर बॅटरीवर चालवायचा म्हटलं की बहुतेक जण ०.९६ इंची ओएलईडी डिस्प्ले उचलतात. टेबलावर तो सुरेख दिसतो. पण भर दुपारी वावरात उजेड लाख लक्सच्या आसपास असतो, खोलीत जेमतेम काहीशे. एवढ्या उन्हापुढे स्वतःच्या प्रकाशावर चालणारा छोटा डिस्प्ले फिका पडणारच. मग ब्राइटनेस वाढवला जातो, आणि अक्षरं तरीही दिसत नाहीत. ओएलईडीला सरासरी १५ मिलिअँपिअर धरले तर २००० एमएएचची बॅटरी साडेपाच दिवसांत संपते, मायक्रोकंट्रोलरला (सर्किट चालवणाऱ्या चिपला) कितीही झोपवा. रंगीत टीएफटी डिस्प्लेचा बॅकलाइट (मागचा दिवा) तर याहून खादाड.

म्हणून उन्हालाच कामाला लावणारा रिफ्लेक्टिव्ह (बाहेरचा उजेड परतवणारा) डिस्प्ले घ्या. नोकिया ५११० या जुन्या फोनचा एलसीडी बॅकलाइट बंद ठेवला तर एक मिलिअँपिअरच्या आत चालतो. शार्पचा मेमरी एलसीडी स्थिर चित्रासाठी काही मायक्रोवॅटच घेतो, आणि ई-पेपरला (ई-बुक रीडरमध्ये असतो तसा पडदा) चित्र धरून ठेवायला वीज लागतच नाही.

पण इथेच खानदेशातली सर्वांत महागात पडणारी चूक होते: फक्त वीज बघायची, तापमान बघायचंच नाही. बऱ्याच ई-पेपर पॅनेलची मर्यादा ० ते ५० अंश असते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या बंद डबीत ५० ओलांडायला वेळ लागत नाही. मोटारीच्या खोलीत, सावलीत, दर तासाला एक आकडा दाखवायचा असेल तर ई-पेपरसारखं दुसरं काही नाही. उघड्या बांधावर मात्र मी मेमरी एलसीडीच सुचवेन. महाग आहे, पण ७० अंशांपर्यंत चालतो. डबी पांढरी ठेवा आणि वर छोटा छज्जा काढा.

एलसीडी दुपारी सगळा काळा होतो आणि संध्याकाळी आपोआप सुधारतो? तो बिघडलेला नाही. तापल्यावर लिक्विड क्रिस्टलला कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे सकाळी जुळवलेला कॉन्ट्रास्ट दुपारी जास्त होतो. ५११० मध्ये कॉन्ट्रास्ट कोडमधून बदलता येतो. थर्मिस्टरवरून (तापमान ओळखणाऱ्या सेन्सरवरून) तापमान वाचून तो उतरवा. ५ व्होल्टचा १६×२ (दोन ओळी, प्रत्येकी १६ अक्षरं) एलसीडी ३.३ व्होल्टवर कोरा दिसला तरी कोड उसवत बसू नका, कॉन्ट्रास्टला व्होल्टेजच पुरत नाही.

मेमरी एलसीडीला ठरावीक वेळाने व्हीकॉम (पॅनेलवरच्या व्होल्टेजची दिशा) उलटवावा लागतो. मायक्रोकंट्रोलर गाढ झोपेत गेला आणि ते थांबलं, तर पॅनेलवर डीसी व्होल्टेज साचून कायमचा डाग राहू शकतो. ते काम आरटीसीच्या (घड्याळाच्या चिपच्या) पल्सवर सोपवा. वारंवारता त्याच मॉडेलच्या डेटाशीटमधून घ्या.

एवढं करूनही बॅटरी उतरत असेल तर मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून झोपेतला करंट मोजा. एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) एकटाच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. त्याऐवजी एमसीपी१७०० रेग्युलेटर वापरला तर त्याला दोनेक मायक्रोअँपिअर पुरतात. मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) डिस्प्लेचा सप्लाय तोडला असेल तर त्याच्या डेटा पिनाही लो करा. त्या हाय राहिल्या तर करंट आतल्या संरक्षक डायोडमधून शिरतो आणि डिस्प्ले अर्धवट जागाच राहतो.