रीफ टाकीतल्या या चुका टाळा, आणि कृपा करून क्लॅमला ओढू नका

परवा परत एकाचा फोन. रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावून तीन आठवडे झालेत, दगडावर अजून चॉकलेटी शेवाळ, आणि साहेब विचारतायत "दादा, क्लॅम कधी टाकू?" क्लॅम म्हणजे रंगीत, जिवंत समुद्री शिंपला. बाबा रे, आठ-नऊ महिने थांब. इकडे न्यू जर्सीत दुकानात गेलं की निळ्या लाइटखाली सगळंच सुंदर दिसतं, हात आपोआप खिशात जातो, मला माहितीय, माझाही गेलाय.

माझीच गोष्ट सांगतो. पहिला क्लॅम मॅक्सिमा जातीचा, चांगला निळाशार. हा दगडावर राहणारा प्राणी, मी शहाण्यासारखा वाळूत ठेवला. तो सरकत सरकत मागच्या दगडाला जाऊन चिकटला, जिथून सोफ्यावरून दिसेना. त्याच आठवड्यात आई येणार रत्नागिरीहून, तिला दाखवायचा होता ना, मग दिला धरून ओढून. कचकन आवाज आला तेव्हाच पोटात गोळा आला. क्लॅम पायातून धागे सोडून दगड धरतो, ते ओढले की मुळाशी पायच फाटतो. नवव्या दिवशी आई टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "अरे, ही तिसरी आ वासून बसल्ये, टिचकी मारली तरी मिटत नाही. आम्ही अशी कालवणात घालत नाही, फेकतो." तोपर्यंत वास सुटला होता. 75 गॅलनच्या टाकीत एवढा मोठा जीव सडला की अमोनिया वर, पाणी बदलत रात्र गेली.

आता मी पहिल्या दिवशीच क्लॅमखाली बशीएवढा चपटा दगड ठेवतो. तो त्याला धरतो, हलवायचा तर दगडासकट उचलायचा. दुसरीकडेच चिकटला असेल तर पातळ ब्लेडने धागे दगडालगत कापा, क्लॅमच्या बाजूने नाही. आणि उचलल्यावर पाण्याबाहेर काढलाच तर आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे आकड्यांमागे धावणारे. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, कोरल त्यातून सांगाडा बांधतो; माप डीकेएच) 6.5 आली, घाबरून रात्रीत 10 वर नेली, सकाळी ॲक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी. कोरल 7.5 ला पण जगतो, 9 ला पण जगतो, त्याला रोजचा झोका नको असतो. मी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढवत नाही, टेस्ट दर वेळी संध्याकाळी त्याच वेळेला. बाटलीवर लिहिलेला डोस बघून ओतणारे लोक मला कळतच नाहीत, तुझी टाकी किती खाते ते बाटलीला काय माहीत?

बाकी पटापट. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका, 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ) द्रावणावर जुळवा. हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की पाणी भसाभस उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची. नायट्रेट-फॉस्फेट एकदम शून्य करून मिरवू नका, कोरल उपाशी राहतात. तांब्याचं औषध रीफ टाकीत कधीच नाही. आणि झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे कोरलचे भाऊबंद) असलेला दगड उकळू नका, वाफेतून विष नाकात जाऊन माणसं हॉस्पिटलात पोचलीत, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

पुण्या-मुंबईहून "एकाकडे स्वस्तात मिळतोय, घेऊ का" असे मेसेज येतात. स्टोनी (दगडी सांगाड्याचे) कोरल आणि मॅक्सिमा, स्क्वामोसासारखे क्लॅम भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. नाही म्हणजे नाही.

राहिलं एकच. क्लॅम दिवसा ठीक दिसतो, पण हळूहळू मिटत चाललाय, तर रात्री टॉर्च मारून बघा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी कडेला बसून रस पितात, दिवसा शिंपल्याच्या बुडाशी लपतात. जुन्या टूथब्रशने घासून काढायच्या, जेलीसारखी अंडी पण, आणि आठवडाभर रोज परत बघायचं. आमच्याकडे रात्री अकराला घरात टॉर्च फिरताना दिसला की बायको कूससुद्धा बदलत नाही.