आन्सी तलावाभोवती सायकल चालवताना या चुका टाळा

फ्रान्सच्या ओत-साव्वा जिल्ह्यातील आन्सी तलाव जिनिव्हापासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे आणि त्याच्याभोवतीची एक फेरीही साधारण तेवढ्याच लांबीची आहे. नकाशावर पाहिले, तर हा मार्ग पाण्याच्या कडेने जाणारी एक साधी वळसेदार रेघ वाटतो. प्रत्यक्षात मात्र येथे दोन निराळे रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत. पश्चिम किनाऱ्यावर जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेला सपाट सायकलमार्ग आहे, तर पूर्व किनाऱ्यावर डोंगराच्या पायथ्याशी चढउतार करणारा, मोटारींची वर्दळ असलेला रस्ता आहे. बाहेरून आलेल्या सायकलस्वारांच्या बहुतेक अडचणी हा फरक लक्षात न घेतल्यामुळे उद्भवतात, आणि उरलेल्या भाड्याच्या सायकलीतून.

केवळ अंतरावरून बेत आखणे

'४० किलोमीटर म्हणजे दीड तास' असा हिशेब पश्चिम किनाऱ्यापुरता जुळतो. सेव्रिए, सँ-जोरिओ आणि द्वँ या गावांवरून जाणारा मार्ग मुळात रेल्वेगाडीसाठी आखलेला असल्याने त्याला जाणवण्यासारखा चढ नाही, आणि द्वँजवळ तर तो जुन्या बोगद्यातूनच पलीकडे जातो. पूर्वेला माँतों-सँ-बेर्नार आणि ताल्वार या गावांच्या मध्ये मात्र रोक द शेर नावाचा कडा थेट पाण्यात उतरलेला आहे, त्यामुळे रस्त्याला तलाव सोडून त्या कड्याच्या मागून चढून जावे लागते. २००९ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत या तलावाभोवती ४०.५ किलोमीटरची वैयक्तिक कालबद्ध शर्यत झाली होती आणि तिच्या उत्तरार्धात ब्ल्यूफीची खिंड मुद्दाम घातलेली होती. आल्बेर्तो कोन्तादोर या स्पॅनिश सायकलपटूने ती पन्नास मिनिटांच्या आत पूर्ण केली. हा आकडा वाचून आपल्या वेळेचा अंदाज बांधणारे लोक भेटतात, तेव्हा हसावे की काळजी करावी हे कळत नाही, कारण त्या दिवशी रस्ता मोटारींना बंद होता. तुम्ही जाल तेव्हा तो सुरूच असेल. नियमित सायकल चालवणाऱ्याने थांबे धरून अडीच तास आणि मुले किंवा नवशिके सोबत असतील तर अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

दिशा आणि वेळ यांचा विचार न करणे

फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात. त्यामुळे देवळात प्रदक्षिणा घालतो तशी, म्हणजे तलाव उजव्या हाताला ठेवून फेरी केली, तर आपण सतत पाण्याच्या बाजूच्या पट्ट्यात राहतो आणि थांबण्यासाठी समोरून येणारी वाहने ओलांडून पलीकडे जावे लागत नाही. आन्सीहून निघाल्यावर चढउताराचा पूर्व किनारा ताज्या पायांनी आधी उरकतो, सकाळी त्यावर डोंगराची सावली असते, आणि तलावाच्या दक्षिण टोकाजवळचे दूसार गाव ओलांडल्यावर घरापर्यंतचा रस्ता सपाट राहतो. म्हणून आठवड्याच्या कामाच्या दिवशी हीच दिशा धरावी.

उन्हाळ्यातील रविवारी मात्र हे गणित बदलते. पश्चिमेचा हरितमार्ग, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरचा तो सपाट रस्ता, केवळ सायकलींचा नाही. त्यावर पायी चालणारे, चाकांच्या बुटांवरून घसरत जाणारे, कुत्र्यांना फिरवणारे आणि नुकतीच सायकल शिकणारी मुले यांचाही तितकाच हक्क आहे. सकाळी दहानंतर तेथे ताशी ३० किलोमीटरचा वेग धरणे धोक्याचे आहे आणि असभ्यपणाचेही. अशा दिवशी एक तर सात वाजता निघून प्रदक्षिणा संपवावी, किंवा उलट दिशेने जाऊन मार्ग रिकामा असतानाच तो पार करावा. वेगानेच जायचे असेल, तर शेजारचा डी १५०८ हा रस्ता वापरण्यास मनाई नाही, कारण हरितमार्गाची पाटी चौकोनी आहे आणि चौकोनी निळी पाटी मार्ग सुचवते, सक्ती करत नाही. सायकलचे चित्र असलेली गोल निळी पाटी दिसली, तर मात्र सायकलमार्गच वापरावा लागतो. अर्थात, त्या रस्त्यावर मालमोटारीही असतात. सहा-सात जणांच्या सरावलेल्या गटाला तो चालेल, एकट्या पाहुण्याला त्यात आनंद मिळणार नाही.

भारतातून आलेल्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. डावीकडून जाण्याची सवय भर वाहतुकीत डोके वर काढत नाही, कारण तेथे इतर वाहने आपल्याला आपोआप योग्य बाजूला ठेवतात. ती डोके वर काढते रिकाम्या रस्त्यावर, छायाचित्रासाठी थांबून पुन्हा निघताना. चौकातील वर्तुळात शिरताना आधी डावीकडे पाहावे, कारण आत फिरणाऱ्या वाहनांना प्राधान्य असते आणि ती डावीकडूनच येतात. कानात इअरफोन घालून सायकल चालवल्यास १३५ युरो दंड होतो.

भाड्याची सायकल न तपासता घेणे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. सपाट रस्त्यावर हा फरक कळतही नाही. पण उतारावर अचानक मोटार आडवी आली, की हात विचार करत नाही. मागचा ब्रेक हळूच दाबायचा म्हणून डावी मूठ आवळली जाते आणि पुढचे चाक जाम होते. दुकानातून निघण्यापूर्वी सायकल हाताने पुढे ढकलत एकेक ब्रेक दाबून पाहावा: मागचे चाक फरपटले तर तो मागचा, मागची बाजू उचलली गेली तर तो पुढचा. तारेचे रिम ब्रेक असतील, तर दुकानदार तारा अदलाबदल करून देऊ शकतो. तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये ते वेळखाऊ काम असते आणि बहुधा कोणी करून देत नाही. तेव्हा पहिले पाच-सहा किलोमीटर हरितमार्गावरच हाताला नवी सवय लावून घ्यावी आणि मगच पूर्व किनाऱ्याकडे वळावे.

स्वतःची सायकल विमानाने आणली असेल, तर पाहायची जागा वेगळी. खोक्यात दाब बसून मागचे डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, ज्या छोट्या पट्टीवर लटकते, ती हँगर नावाची पट्टी किंचित आत वाकते. मधल्या गिअरमध्ये चेन थोडी कुरकुरते, इतकेच. पण चढावर सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांत अडकते आणि एका क्षणात हँगर, डिरेलर आणि काही आरे असे सगळेच निकामी होते. सायकल जोडल्यावर मागून पाहावे. डिरेलरची दोन्ही छोटी चाके आणि वरची दातेरी चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. रेष तिरकी असेल, तर केबलचा ताण कमीजास्त करणारी खुंटी फिरवून काहीही साधत नाही. हँगर सरळ करून घ्यावा लागतो. रेष सरळ असूनही चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कू करत असेल, तर खुंटी मागच्या बाजूने पाहून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावी आणि पुन्हा पाहावे. घाईने एकदम दोन फेरे देऊ नयेत.

चुकीची फोर्क्ला शोधणे

फेरीवर समाधान न मानणारे ताल्वारहून फोर्क्ला खिंडीकडे वळतात. फोनमध्ये नुसते 'फोर्क्ला' टाकल्यास किमान तीन खिंडी समोर येतात: तलावावरची फोर्क्ला द मोंमँ, ११५७ मीटर, यूजीनजवळची फोर्क्ला द केज, ८७१ मीटर, आणि स्वित्झर्लंडमध्ये मार्तिन्यीजवळची, १५२७ मीटर. मार्ग ठरवताना 'मोंमँ' हा शब्द आवर्जून लिहावा. योग्य खिंड सापडली तरी तलावापासून सुमारे ७०० मीटर चढायचे असते आणि काही ठिकाणी चढ दहा टक्क्यांच्या वर जातो. पुढच्या दोन चकत्यांना ५२ व ३६ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ दात असलेली शर्यतीची सायकल येथे गुडघ्यांची परीक्षा पाहते. भाड्याने घेताना पुढे ३४ आणि मागे किमान ३२ दात मागून घ्यावेत.

उतरताना उलटी चूक होते. भीतीने दोन्ही ब्रेक सतत हलके दाबून ठेवल्याने ते तापतात, आणि कार्बनच्या रिमवर ब्रेक असतील तर रिमच खराब होण्याची भीती असते. वळणापूर्वी जोरात ब्रेक लावून वेग कमी करावा, वळणात व त्यानंतर ब्रेक सोडावेत, म्हणजे त्यांना थंड व्हायला अवधी मिळतो. मूठ नेहमीपेक्षा आत जाऊ लागली किंवा जळका वास आला, तर थांबावे.

सेम्नोला दुपारी निघणे

२०१३ च्या तूर द फ्रान्सचा विसावा टप्पा तलावाशेजारच्या सेम्नो डोंगराच्या माथ्यावर संपला होता आणि तो नायरो किन्तानाने जिंकला, तेव्हापासून या चढाचे आकर्षण वाढले आहे. तलाव समुद्रसपाटीपासून ४४७ मीटरवर आहे आणि माथा त्याहून सुमारे १२०० मीटर उंच. खाली उकडत असले, तरी वर सात-आठ अंशांनी कमी तापमान मिळते आणि घामाने भिजलेल्या अंगावर उताराचा वारा लागतो. वाऱ्याचे पातळ जाकीट खिशात नसेल, तर वरून उतरताना बोटे आखडून ब्रेक दाबणेच अवघड होते. जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्सवर दुपारनंतर वीज-वादळ होणे नेहमीचे आहे, म्हणून माथा बाराच्या आत गाठावा. वाटेत पाण्याच्या कारंज्यावर 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल, तर ते पाणी पिण्याचे नसते. गावांतील छोटी दुकाने दुपारी दोन-अडीच तास बंद राहतात, त्यामुळे बाटल्या आणि खाणे सकाळी आन्सीतच भरून घ्यावे.