अकरावीतली लेक, आयआयटीचा कोर्स आणि राहून गेलेला फॉर्म

लेक अकरावी सायन्सला असताना तिने एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावर, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, वयाची अट नाही, शिकायला पैसे पडत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. मला इतका आनंद झाला की तिसऱ्या आठवड्यातच मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं. दर आठवड्याची असाइनमेंट ती वेळेत देत होती. आणखी काही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाचं हॉल तिकीट आलं. हिचं येईना. रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, परीक्षेचा फॉर्म वेगळा होता गं."

हे नीट समजून घ्या. कोर्स जॉइन केला की फक्त व्हिडिओ आणि असाइनमेंट उघडतात. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी, शेवटची तारीखही वेगळी. ती तारीख कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच निघून जाते, तेव्हा मूल अजून दुसऱ्या-तिसऱ्या असाइनमेंटवर असतं. असाइनमेंटला २५ टक्के वजन आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. सगळ्या असाइनमेंट पैकीच्या पैकी असल्या तरी परीक्षा दिली नाही तर सर्टिफिकेट नाही. आठवणीचे मेल आले होते, पण शाळेत असताना काढलेल्या ईमेलवर. तो ती उघडतच नव्हती. तेव्हा पहिल्या दिवशी मुलाचा ईमेल तुमच्याही फोनवर घ्या आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लाजू नका, लिहाच.

दिवाळीच्या फराळाला आत्याने तिला विचारलं, "निकाल लागला का गं?" चूक आम्हा दोघींची, गाजावाजा माझा, आणि उत्तर देत होती ती. तो तिचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

जानेवारीच्या सत्रात तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी फॉर्म भरताना मी शेजारी बसले, नावाचं एकेक अक्षर आधारशी ताडून पाहिलं. मध्ये अकरावीची वार्षिक परीक्षा आली, ते दोन-तीन आठवडे फार ओढाताण झाली. होते, पण निभतं.

असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर आयती मिळतात. मुलाला त्या वाटेला जाऊ देऊ नका. पुढे त्या ७५ टक्क्यांत सगळं उघडं पडतं. क्लासवाल्यांच्या 'प्रोफाइल बिल्डिंग'च्या, म्हणजे प्रवेश-अर्ज उठावदार करून देण्याच्या, पॅकेजवरही माझा विश्वास नाही. हिला लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, समजला तो वरच्या मजल्यावरच्या त्या मुलामुळे. जिन्यात बसून, वहीच्या पाठकोऱ्या पानावर, प्रत्येक फेरीला मोजणीच्या 'आय' या अक्षराची (i) किंमत किती होते हे त्याने तिच्याकडून हाताने लिहून घेतलं. चार पानं भरली. दोन वर्षं पुढे असलेलं असं एखादं मूल शोधा.

आणखी एक, कडू वाटलं तरी ऐका. सीईटीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, या सर्टिफिकेटचा एकही मार्क वाढत नाही. आयआयटी मद्रासच्या बीएस या ऑनलाइन पदवीची क्वालिफायर, म्हणजे पात्रता परीक्षा, अकरावी झालेल्या मुलांना देता येते, पण तिथेही प्रत्यक्ष प्रवेश बारावी पास झाल्यावरच. म्हणून यासाठी बारावीच्या अभ्यासाला धक्का लावू नका. मिळतं ते वेगळंच. कॉलेजचा अभ्यास आपल्याला झेपतो, हे सोळाव्या वर्षी कळतं.

परीक्षेचं केंद्र वाघोलीला आलं. नऊचा पेपर, म्हणून कोथरूडहून सातलाच निघालो. तीन तास मी फाटकाबाहेर तिची पाण्याची बाटली धरून बसले होते. बारा वाजता बाहेर आली ती हसतच.

७८ मिळाले. सर्टिफिकेटवर 'एलिट' आणि रौप्य, म्हणजे सुवर्णाच्या खालोखालचा शेरा. "ग्रुपवर टाकू का?" या वेळी मी आधी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. "आधी आजीला फोन लावू," म्हणाली. आम्ही स्पीकरवर लावला. आजीला एनपीटेल काय ते कळलं नाही, पण तिने दोनदा विचारलं, "एकटीने केलंस ना?"