फौंड्रीतून आयटीत जाताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी, स्टोअर किंवा प्लॅनिंग सांभाळणारे आयटीकडे वळताना पहिली चूक बायोडेटातच करतात. जुना अनुभव पुसून टाकतात आणि ‘फ्रेशर’ म्हणून वेब डेव्हलपमेंटच्या रांगेत उभे राहतात. तिथे गाठ पडते ती नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरांशी. ब्लो होल (वायूमुळे पडलेले भोक) आणि श्रिंकेज (धातू आकसल्याने पडलेली पोकळी) यांतला फरक ओळखणारा त्या रांगेत क्वचितच सापडतो, आणि कारखान्यांसाठी ईआरपी (साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) करणाऱ्या कंपन्यांना असाच माणूस हवा असतो. तेव्हा डेटा अॅनालिसिस, ईआरपी सपोर्ट किंवा टेस्टिंग, यांपैकी एकच वाट धरा आणि अनुभव बायोडेटात सगळ्यात वर लिहा.

पायथन, जावा, क्लाउड, एआय हे सगळे एकदम सुरू केले की काहीच हाताला लागत नाही. डेटाकडे जायचे असेल तर आधी एक्सेलचे पिव्होट टेबल, मग एसक्यूएल (टेबलांतून माहिती काढायची भाषा), त्यानंतर पायथन. व्हिडिओ बघताना सगळे समजल्यासारखे वाटते. रिकाम्या स्क्रीनवर स्वतः क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) लिहिता आली तरच ते आले असे समजा. पायथनमध्ये एरर आली तर घाबरून कोड पुसू नका. आधी शेवटची ओळ वाचा, चूक कोणत्या प्रकारची ते तिथेच लिहिलेले असते.

प्रोजेक्ट म्हणून क्लासमधलाच तयार नमुना दाखवू नका, मुलाखत घेणाऱ्याने तो अनेकदा पाहिलेला असतो. रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, प्रोजेक्ट करा. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. एका टेबलात हीट नंबर, तारीख, ओतलेले किलो. दुसऱ्यात हीट नंबर, डिफेक्ट, रिजेक्ट किलो. इथे जवळपास सगळे एकाच जागी अडकतात. 500 किलोच्या एका हीटला तीन डिफेक्टच्या तीन ओळी असतील, तर दोन्ही टेबले हीट नंबरवर थेट जॉइन केल्यावर, म्हणजे जोडल्यावर, ते 500 किलो तीनदा येतात आणि बेरीज 1500 दिसते. भागाकार मोठ्या आकड्याने होतो, म्हणून रिजेक्शनची टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी निघते. उपाय असा: रिजेक्शनच्या टेबलावर आधी हीट नंबरने ग्रुप बाय करून, म्हणजे त्या हीटच्या रिजेक्ट किलोंची बेरीज घेऊन, प्रत्येक हीटची एकच ओळ करा, मग जॉइन करा. तोही लेफ्ट जॉइन, हीटचे टेबल डावीकडे ठेवून; त्यात डावीकडची प्रत्येक ओळ टिकते. साध्या जॉइनमध्ये ज्या हीटला रिजेक्शनच नाही ती गळून पडते आणि टक्केवारी उलट फुगते. जॉइनच्या आधीची आणि नंतरची ओतलेल्या किलोंची बेरीज जुळलीच पाहिजे. मुलाखतीत एवढे नीट समजावून सांगता आले, तर तुमचे काम पक्के आहे हे समोरच्याला कळते.

तारखाही तपासा. 03/04 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, पण पायथनची पांडास लायब्ररी ती सांगितल्याशिवाय 4 मार्च धरते.

प्रोजेक्ट गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या वेबसाइटवर) टाकताना कंपनीची खरी हीटशीट, ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर यांतले काहीही चढवू नका. आकडे स्वतः तयार करा. पासवर्ड चुकून गेला तर फाइल पुसून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जतन केलेल्या बदलांच्या नोंदीत, तो तसाच राहतो. पासवर्डच ताबडतोब बदला.

क्लासची फी हप्त्यांनी भरताना कर्ज कोणाच्या नावावर आहे ते वाचा. ते फायनान्स कंपनीचे असेल, तर क्लास सोडल्यावर हप्ते आपोआप थांबतील असे धरून चालू नका. ‘नोकरीची हमी’ असेल तर तिच्या अटी लेखी मागा. मूळ मार्कलिस्ट कोणाकडेही ठेवू नका.

आणि घरखर्चाची किमान सहा महिन्यांची सोय झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटीस पिरियड पुरा करून रिलीव्हिंग लेटर घ्या. कायम नोकरीत पाच वर्षे भरायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटीचा हक्क त्यावर असतो. पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांची नोकरी होण्याआधी काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो.