हॉट टबचं गढूळ पाणी: माझा अनुभव

न्यू जर्सीत घर घेतलं, त्यासोबत मागच्या डेकवरचा हॉट टबही आला. पाणी तपासायच्या पट्टीवर जंतू मारणारं क्लोरीन ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३ भाग) वर, पीएच (आम्लतेचं माप) ७.४, म्हणजे सगळं ठीक, तरी पाणी दुधाळ आणि कुबट. दुकानदार म्हणाला, "अजून शॉक टाका," म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस. मला ते पटेना.

सायन्युरिक ॲसिडची, म्हणजे क्लोरीन उन्हात टिकवणाऱ्या रसायनाची, वेगळी चाचणी केली, तेव्हा उलगडा झाला. जुना मालक डायक्लोर, म्हणजे हे ॲसिड असलेली क्लोरीनची पूड, वापरायचा. त्यातून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. ते उडून जात नाही, साठत राहतं आणि क्लोरीनची धार बोथट करतं. पट्टी मात्र सगळं छान दाखवते! अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी हॉट टबमध्ये सायन्युरिक ॲसिड वापरूच नका असं सांगते.

उपाय एकच, पाणी बदलणं. आधी पाइप धुणारं द्रव्य घालून जेट चालवले. निघालेला बुळबुळीत थर बघून अंगावर काटा आला. मग टब रिकामा केला, नवं पाणी भरलं आणि क्लोरीनऐवजी ब्रोमीन या जंतुनाशकावर आलो. ते ४ ते ८ पीपीएम ठेवतो. पाणी आता नितळ आहे.

जंतुनाशक घेताना डब्यावर ईपीएचा (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नोंदणी क्रमांक बघा. इथे ते कायद्याने कीटकनाशकांत मोडतं, त्यामुळे लेबलबाहेरचा वापर हा संघीय कायद्याचा भंग ठरतो. जुन्या क्लोरीनच्या डब्यातलं उरलंसुरलं नव्यात ओतू नका. क्लोरीनचे वेगवेगळे प्रकार एकत्र आले तर आग लागू शकते.